दाढेतला चुना की तीन गोळ्यांची पेस्ट? नानांच्या दाढेवरून घरात दोन पक्ष

रावेरी_केळी | रविवार, रात्री ९:५०

राम राम मंडळी. दातांवर धागा काढावा लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

आमचे नाना, वय ६६, बारा वर्षांपासून शुगर. खालची उजवीकडची मोठी दाढ फाल्गुनात ठणकायला लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी दाढ उघडली, नसा साफ केल्या, आत 'कॅल्शियम' भरलं, वरून तात्पुरतं सिमेंट लावलं आणि दहा दिवसांनी बोलावलं. त्याच आठवड्यात आमच्या बागेची कापणी निघाली. नाना म्हणाले, "मले आता काई दुखत नही, गाड्या भरल्या का जाऊ." गाड्या भरल्या, मागचा बाग कापायला आला, आखाजी झाली, सव्वादोन महिने गेले. एका दुपारी आमरस खाताना सिमेंटचा तुकडा निघाला. तो त्यांनी बोटानं काढला, ताटाच्या कडेला कोयीशेजारी ठेवला आणि जेवत राहिले. चौथ्या दिवशी जबडा सुजला.

मग मेडिकलवाल्यानं दिलेल्या गोळ्या. दोन दिवस घेतल्या, तिसऱ्या दिवशी बागेत दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरले, म्हणून बंद केल्या. काल जळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दाढ उघडून पू काढला, गोळ्या बदलल्या. आता म्हणतात आत 'ट्रिपल अँटिबायोटिक पेस्ट' भरू. जुन्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणतात कॅल्शियमच भरा, दुसरं काही नको. धाकट्या काकांचं मत, दाढ उपटा आणि मोकळे व्हा.

कुणाचं ऐकावं? आणि खरंच औषधा-औषधात एवढा फरक असतो का? कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे चुनाच, हे नातवानं नानांना सांगितल्यापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताहेत की डॉक्टरनं मला चुना लावला.

अहिरानी_भो | रविवार, रात्री १०:१२

भो, मना बाप बी आशीच दाढ धरीसन बठेल व्हता. लवंगनं तेल लावं, तमाखू दाबी, शेवट दाढ उपटी टाकी. आते तुम्ही तीन गोळ्या कुटीसन दातमा भरतस! डाक्टरकडे पाटा-वरवंटा शे का?

पांझरा | रविवार, रात्री १०:३०

मी दातांचीच डॉक्टर आहे, रूट कॅनालचंच काम करते. कोणतं औषध ते नंतर बोलू. आधी एवढं सांगा: नानांचं तोंड किती उघडतं? दोन बोटं एकावर एक ठेवून आत जातात का? जिभेखालचा भाग वर उचलल्यासारखा, कडक लागतो का? थुंकी गिळताना त्रास? आवाज बदललाय? ताप? सूज हनुवटीखालून गळ्याकडे सरकतेय का?

यातलं एकही 'हो' असेल तर धागा बंद करा आणि गाडी काढा. दाताच्या दवाखान्यात नको, जिथे भूलतज्ज्ञ आणि आयसीयू आहे तिथे जा.

रावेरी_केळी | रविवार, रात्री १०:४१

डॉक्टर, आत्ता बघितलं. दोन बोटं जातात, तिसरं नाही. जिभेखाली मऊ आहे. ताप काल रात्रीपासून नाही. सूज कालपेक्षा कमी, जबड्याच्या कडेलाच आहे. वरणभात खाल्ला.

भुसावळ_यार्ड | रविवार, रात्री ११:०५

पांझरा ताई उगाच घाबरवत नाहीयेत म्हणून लिहितो. माझे मामा, चोपड्याकडचे. खालच्या शेवटच्या दाढेचा ठणका, आठ दिवस गोळ्यांवर काढले. नवव्या दिवशी मी गेलो तर मामा खुर्चीत पुढे वाकून बसलेले. आडवं होता येत नव्हतं, आडवं झालं की श्वास अडकायचा. हनुवटीखालचा भाग हाताला लाकडासारखा लागत होता. जीभ वर टाळूकडे ढकललेली, त्यामुळे बोलणं तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं. थुंकी गिळता येईना, मामी एकामागून एक टॉवेल देत होती. एका दवाखान्यात "सकाळी या" म्हणाले. आम्ही सकाळपर्यंत थांबलो नाही म्हणून मामा आहेत. दुसऱ्या ठिकाणी रात्री दीड वाजता गळ्याला छेद देऊन नळी बसवली, मग जबड्याखाली चिरे देऊन पू काढला. अकरा दिवस दवाखान्यात. त्या आजाराला लुडविग अँजायना म्हणतात हे तिथेच कळलं.

दाढ मात्र एकच होती. किडलेली.

पांझरा | सोमवार, सकाळी ७:२०

भुसावळकर, मामा वाचले हे महत्त्वाचं. लुडविग या जर्मन डॉक्टरानं १८३६ साली याचं वर्णन केलं, तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं आणि बहुतेक रुग्ण जात. आजही जीव जातो तो बहुधा श्वासाची वाट बंद होऊन.

आता नानांच्या दाढेकडे. ओपीडी साडेनऊला आहे, तोवर जमेल तेवढं लिहिते.

पहिली गोष्ट, गोळ्या एकट्या का पुरत नाहीत. नस मेली की दाढेच्या नळीतला रक्तपुरवठाही मेला. गोळीतलं औषध रक्तातून जातं. रक्तच जात नाही तिथे ते पोचणार कसं? सूज उतरते, कारण हाडात आणि मांसात औषध पोचतं. घर मात्र तसंच राहतं आणि पंधरा दिवसांनी तेच भाडेकरू परत. म्हणून पू काढायचा, नळी साफ करायची, आणि दोन भेटींच्या मध्ये नळीत औषध ठेवायचं. सूज पसरत असेल, ताप असेल, शुगरसारखा आजार असेल तेव्हा गोळ्या लागतातच. नानांना त्या दिल्या हे बरोबर आहे. नुसत्या ठणक्याला, सूज-ताप नसताना, अँटिबायोटिक देऊ नये असं अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे मात्र दाढ दुखली की पट्टी फाडली.

आता चुना. हर्मन यांनी १९२० मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड दातांत आणलं, त्याला शंभर वर्षं उलटली आणि अजून तेच पहिल्या पसंतीचं आहे. त्याचा पीएच साडेबाराच्या आसपास. एवढ्या अल्कलीत बहुतेक जंतूंचं बाहेरचं आवरण फाटतं, आतली प्रथिनं बिघडतात. शिवाय मेलेल्या जंतूंच्या आवरणातलं जे विष हाडाला चिडवत राहतं, त्यालाही ते निकामी करतं. हे शेवटचं काम अँटिबायोटिक करत नाही. पण चुना हळू काम करतो. ज्या जंतूला लागला त्यालाच मारतो, म्हणून नळीच्या टोकापर्यंत ठासून भरावा लागतो आणि किमान सात दिवस ठेवावा लागतो. 'दहा दिवसांनी या' हे तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर सांगितलं होतं.

त्याची कमजोरी म्हणजे एन्टेरोकॉकस फिकॅलिस नावाचा जंतू. याच्या पेशीत पंप असतो, बाहेर अल्कली वाढली की हा आत आम्ल ओढून घेतो आणि तग धरतो. वर दाताचं स्वतःचं डेंटिन, म्हणजे आवरणाखालचा कठीण भाग, अल्कलीची धार बोथट करतं. पूर्वी रूट कॅनाल केलेला दात पुन्हा बिघडला की हा गडी बऱ्याचदा सापडतो. नानांचा दात तसा नाही. त्यांचं काम अर्धवट राहिलं, नवीन घाण आत गेली, एवढंच.

बाकीचं संध्याकाळी. पेशंट पायऱ्या चढतोय, पावलांवरूनच कळतंय की दाढ धरून येतोय.

शहादा_फार्मसी | सोमवार, सकाळी ११:१५

रावेरकर, मेडिकलवाल्यानं दिलेली गोळी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची होती का? आणि नाना शुगरसाठी ग्लिमेपिराइड घेतात का? दोन्हीला 'हो' असेल तर बागेतला तो घाम म्हणजे शुगर खाली गेली असणार. ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या कुळातली औषधं शुगरच्या अशा गोळ्यांबरोबर साखर एकदम पाडू शकतात. त्यात दाढ दुखते म्हणून माणूस धड जेवत नाही. मी काउंटरवर बसतो म्हणून सांगतो, आमच्या धंद्यातली ही रोजची चूक आहे. दाढेचं नाव काढलं की हात आपोआप त्याच पट्टीकडे जातो.

रावेरी_केळी | सोमवार, दुपारी १:०२

दोन्हीला हो. पट्टी समोर ठेवूनच लिहितोय. आम्ही त्याला ऊन लागलं म्हणून कांदा हुंगवला होता.

शहादा_फार्मसी | सोमवार, दुपारी १:१०

पुढच्या वेळी कांद्याआधी साखर द्या. आणि जळगावच्या डॉक्टरांना ही गोष्ट सांगा, कारण ट्रिपल पेस्टमध्येही सिप्रोफ्लॉक्सासिन असतं. दाढेत जाणारी मात्रा नखाएवढीही नाही, तिनं शुगर पडणार नाही. पण ॲलर्जी असेल तर एवढीशीही पुरते, म्हणून कोणत्या औषधानं काय झालं हे त्यांच्या कागदावर असलं पाहिजे.

पांझरा | सोमवार, रात्री ९:१५

शहादेकर, हे माझ्याकडून सुटलं होतं. बरं झालं.

तीन औषधांची पेस्ट. जपानमधल्या निगाता विद्यापीठात होशिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ च्या सुमारास यावर काम केलं. सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल, मिनोसायक्लिन. मुळाच्या आत खोलवर जे जंतू असतात त्यात बरेचसे हवेशिवाय जगणारे, त्यांच्यासाठी मेट्रोनिडाझोल. उरलेल्यांसाठी बाकी दोन. अहिरानी भो, तुमचा पाटा-वरवंटा अगदीच खोटा नाही. तयार पेस्ट हाताशी नसेल तर गोळीचं वरचं आवरण सुरीनं खरवडायचं, कॅप्सूल फोडायची, चिनी मातीच्या खलात वेगवेगळं कुटायचं आणि प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये कालवायचं. मी स्वतः केलंय. मिनोसायक्लिनचा पिवळा डाग ॲप्रनवरून जात नाही.

प्रयोगशाळेत ही पेस्ट जोरदार आहे. त्या एन्टेरोकॉकसवर चुन्यापेक्षा सरस ठरते. तरी मी ती प्रत्येकाला का भरत नाही?

एक, मिनोसायक्लिन दाताला आतून काळपट करतं. पुढच्या दातात भरलं तर जन्मभर आरशात दिसतं. दोन, घट्ट पेस्टचं प्रमाण इतकं जास्त असतं की जंतूंबरोबर मुळाच्या टोकाशी असलेल्या चांगल्या पेशीही मरतात. लहान मुलांच्या अर्धवट वाढलेल्या दातात, जिथे त्या पेशींनीच पुढचं मूळ घडवायचं असतं, तिथे हे चालत नाही. म्हणून अमेरिकन एंडोडोंटिस्ट संघटना, म्हणजे रूट कॅनाल तज्ज्ञांची संघटना, अशा दातांसाठी ती अगदी पातळ, एका मिलिलिटरला एक ते पाच मिलिग्रॅम एवढीच वापरा म्हणते. आणि युरोपातली संघटना तिथेही चुनाच बरा म्हणते. तीन, अँटिबायोटिकला सरावलेले जंतू. ते वेगळं सांगायला नको.

नानांच्या मागच्या दाढेत रंगाचा प्रश्न नाही, कारण वर कॅप बसणार. जळगावच्या डॉक्टरांनी पेस्ट भरली तरी मी भांडणार नाही. माझ्या खुर्चीत असते तर मी आधी चुनाच भरला असता.

गिरणाकाठ | सोमवार, रात्री १०:४०

मीही दंतवैद्य, चाळीसगाव भागात तेवीस वर्षं. पांझरा मॅडमचं शास्त्र बरोबर, पण थोडं जमिनीवर येऊ. माझ्याकडे वाडी-तांड्यावरून माणूस दीड तास एसटीनं येतो. त्याला सात दिवसांनी ये म्हटलं तर तो महिन्यानं येतो, नाहीतर येतच नाही. पाण्यात कालवलेला चुना महिन्यात विरघळून नळी रिकामी. मी आयोडोफॉर्म मिसळलेली सिलिकॉन तेलातली तयार सिरिंज वापरतो. ती हळू विरते, एक्स-रेत स्वच्छ दिसते, दुर्गंधीही मारते. जुन्या दवाखान्याचा जो वास आठवतो तो हाच.

मॅडम म्हणतील की तेलातून हायड्रॉक्सिल, म्हणजे चुन्यातली जंतू मारणारी अल्कली, सुटत नाही. मान्य आहे. पण माझा पेशंट कोण, हे औषध ठरवतं.

पांझरा | सोमवार, रात्री ११:०१

म्हणणारच होते, तुम्ही आधीच म्हणालात! तेल-पाण्याचा मुद्दा तर आहेच. शेवटी नळी भरताना ते तेलकट औषध भिंतीवरून निघता निघत नाही, हा माझा दुसरा आक्षेप. साधा चुनासुद्धा पूर्ण निघत नाही. ईडीटीए नावाचं द्रावण टाकून, अल्ट्रासोनिकनं खळबळून धुवावं लागतं. राहिलेला थर पक्क्या सिमेंटला भिंतीशी चिकटू देत नाही.

आणि महिना-महिना चुना ठेवायची सवय बरी नव्हे. मेंढ्यांच्या दातांवरचा २००२ चा प्रयोग आम्हा सगळ्यांना पाठ आहे: वर्षभर चुना भरून ठेवलेल्या मुळांची ताकद निम्म्यावर आली. आठ-पंधरा दिवस, फार तर महिना. लोणचं घालायचं नाहीये.

गिरणाकाठ | सोमवार, रात्री ११:०८

एसटीचं वेळापत्रक तुम्ही बदलून द्या, मी सिरिंज बदलतो. 🙂

कळण्याची_भाकरी | मंगळवार, दुपारी ३:३०

मी अमळनेरची. काळपट दाताचं वाचून लिहायला बसले. माझी लेक आठ वर्षांची असताना शाळेच्या पायरीवर पडली, वरचा समोरचा दात दुखावला. नंतर पू आला. एका दवाखान्यात तीन औषधांची पेस्ट भरली. दात वाचला, हे खरंच, डॉक्टरांचे उपकार आहेत. पण रंग बदलेल हे कुणी आधी सांगितलं नाही. आता ती तेरा वर्षांची आहे. फोटो काढताना ओठ मिटून हसते. कानबाईच्या रोटच्या दिवशी सगळ्या बहिणींचा फोटो काढला, त्यात हिचा हात तोंडावर. याला काही उपाय आहे का? कॅप लावायला अजून वय नाही म्हणतात.

पांझरा | मंगळवार, रात्री ८:५०

ताई, बरेचदा असतो. नळी नीट बंद असेल तर दातामागून छोटं भोक घेऊन आत ब्लीचिंगचं औषध ठेवतात, आठवड्यानं बदलतात, दोन-चार वेळा. मिनोसायक्लिनचा डाग हट्टी असतो, पूर्ण गेला नाही तरी राखाडीचा पिवळसर होतो, लांबून कळत नाही. ते औषध ठेवण्याआधी नळीच्या तोंडाशी सिमेंटचा जाडसर थर हवाच, नाहीतर मुळाला इजा होते. हे काम नियमित करणाऱ्याकडेच जा. छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथेही दाखवता येईल.

आता अशा दातांत मिनोसायक्लिन वगळून दोनच औषधं भरतात, किंवा त्याच्या जागी क्लिंडामायसिन घेतात. आणि तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, यात दुमत नाही.

तंबाखू_सोडली_होती | मंगळवार, रात्री ९:२५

एक बावळट प्रश्न. औषध जर चुनाच असेल तर डबीतला पानाचा चुना कापसावर घेऊन दाढेत ठेवला तर? आमच्या इकडे एक म्हातारबा तेच करतात.

पांझरा | मंगळवार, रात्री ९:३३

अजिबात नको! दवाखान्यातला चुना शुद्ध असतो आणि बंद नळीत, सिमेंटखाली, मोजून जातो. डबीतला उघड्या दाढेवर ठेवला तर तो गालावर, जिभेवर, हिरडीवर पसरतो आणि भाजतो. तंबाखू चुन्याबरोबर जिथे दाबता तिथे पांढरा चट्टा येतो ना? तो कशानं येतो असं वाटतं? त्या म्हातारबांना तोंड दाखवायला पाठवा. दाढेसाठी नाही, गालासाठी.

दवाखान्यातला चुनासुद्धा वाकडा गेला तर महागात पडतो. खालच्या दाढांच्या मुळांखालून ओठाच्या संवेदनेची नस जाते. सिरिंज जोरात दाबली आणि औषध तिथे उतरलं तर ओठ बधिर होतो, कधी कायमचा. म्हणून आम्ही सुई नळीत अडकवून दाबत नाही.

भुसावळ_यार्ड | बुधवार, सकाळी ६:१०

रात्रपाळी संपवून लिहितोय. माझी दाढ नाशिकला एकाच बैठकीत झाली. सव्वा तास खुर्चीत, मधलं औषध वगैरे काही नाही, थेट पक्कं भरलं. सहा वर्षं झाली. मग ही चुना-पेस्ट भानगड हवीच कशाला?

गिरणाकाठ | बुधवार, दुपारी २:००

तुमची नस बहुधा जिवंत किंवा नुकतीच मेलेली असेल, पू नसेल. अशा वेळी एका बैठकीत करता येतं. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांतही एक बैठक आणि अनेक बैठका यांच्या यशात ठळक फरक दिसत नाही, एका बैठकीनंतर पहिल्या आठवड्यात दुखणं थोडं जास्त एवढंच. पण नानांसारखा पू वाहत असेल, नळी कोरडीच होत नसेल, तर भरणार कशात? ओल्या भिंतीला रंग देण्यासारखं आहे ते.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं कुणी विचारलं नाही म्हणून जाता जाता. २ टक्के जेल, डेंटिनला चिकटून राहतं आणि बरेच दिवस काम करतं, एन्टेरोकॉकसवर चांगलं. पण मेलेलं मांस विरघळवत नाही. ते काम सोडियम हायपोक्लोराइटचं, म्हणजे धुण्याच्या ब्लीचच्याच जातीच्या द्रावणाचं. दोन्ही एकमेकांत मिसळले तर नळीत तपकिरी गाळ बसतो. मी नवशिका असताना तो गाळ रक्त समजून घाबरलो होतो.

जुना_धुळेकर | बुधवार, रात्री ८:१५

मी दंतवैद्य नाही, पण ५५ वर्षांपूर्वी दंतवैद्याकडे कंपाउंडर होतो. तेव्हा कापसाच्या बोळ्याला फॉर्मोक्रेसॉल लावून, पिळून, दाढेत ठेवत. १९०४ चं बकले नावाच्या डॉक्टरचं सूत्र, असं आमचे डॉक्टर सांगत. दाराच्या बाहेरून वास यायचा, घरी गेलो की आई म्हणायची आधी अंघोळ. नस मारायला आर्सेनिकची पेस्ट असायची, ती बारीक चिमटीनं ठेवायची आणि तारीख वहीत लाल शाईनं. एकदा एक माणूस तारखेला आलाच नाही. आला तेव्हा दाढेशेजारची हिरडी काळी पडलेली आणि हाडाचा तुकडा हलत होता. आमचे डॉक्टर दोन दिवस जेवले नाहीत.

पांझरा | बुधवार, रात्री ९:००

काका, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. फॉर्मोक्रेसॉलमधलं फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून पक्कं जाहीर झालंय, आर्सेनिक तर इतिहासजमा. पण नस मारायच्या पॅराफॉर्माल्डिहाइडच्या पेस्ट अजून मिळतात आणि गळल्या तर हाडाचं तेच होतं. चुना निदान विसराळू माणसाला एवढी मोठी शिक्षा करत नाही.

रावेरकर, कुठे आहात?

रावेरी_केळी | काही दिवसांनी, रविवार, सायंकाळी ६:४०

माफ करा, कापणी. (हो, पुन्हा.)

झालेलं क्रमानं सांगतो. जळगावच्या डॉक्टरांना शुगर पडल्याची गोष्ट आणि जुनी पट्टी दाखवली. त्यांनी फाइलवर वर लाल पेननं लिहिलं. मग स्वतःहूनच म्हणाले, पू थांबलाय, नळी कोरडी होतेय, तर आपण कॅल्शियमच भरू. पेस्टवर वाद घालायची वेळच आली नाही. घरून पाठ करून नेलेली चार वाक्यं तशीच परत आणली.

नाना यावेळी नवव्या दिवशी गेले. मी खुर्चीशेजारी उभा होतो. दाढेवर निळं रबर ताणून बसवलं, त्यातून फक्त दाढेचं डोकं वर. तात्पुरतं सिमेंट टोकदार सुईनं फोडलं, खालून पांढरा भुगा निघाला. पिचकारीनं पाणी, मग कसलं तरी द्रावण, मग पुन्हा. डॉक्टरांनी कागदाची काडी नळीत घातली, बाहेर काढून दिव्यासमोर धरली. पहिली ओली, थोडी पिवळट. दुसरी ओली. तिसरीही टोकाला ओली. डॉक्टर म्हणाले, "आज भरत नाही." पुन्हा चुना, पुन्हा आठ दिवस. मला वाटलं नाना चिडतील. तोंडात रबर होतं म्हणून की काय, काही बोलले नाहीत.

काल गेलो. पहिली काडी कोरडी, चारही नळ्यांत. मग गुलाबी काड्या भरल्या, गरम करून कापल्या, वर पक्कं सिमेंट. एक्स-रेमध्ये मुळाखालची काळी सावली अजून तेवढीच आहे. डॉक्टर म्हणाले हाड भरायला महिने लागतात, सहा महिन्यांनी आणि वर्षानं फोटो काढू. कॅप पंधरा दिवसांत. तीन महिन्यांची शुगर ९.१ आली, त्यावरून वेगळं ऐकून घेतलं.

बाहेर पडताना नाना काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "पोरी, दोनदा चुना भरला तुम्ही, मह्या दोन डब्या झाल्या असत्या तेवढ्यात." ती हसली, तिनं पुढची तारीख कार्डावर लिहिली. त्या तारखेला शेजारच्या बागेची कापणी आहे. कार्ड मी माझ्या खिशात ठेवलंय.

अहिरानी_भो | रविवार, सायंकाळी ७:०५

नानाले सांगा, कापनीले आम्ही येतस. दाढले त्यासले पाठाडा.

तंबाखू_सोडली_होती | रविवार, सायंकाळी ७:३०

म्हातारबांना नेलं होतं. गालाचा तुकडा तपासायला घेतलाय, अहवाल गुरुवारी. वेगळा धागा काढतो.